भरमारीचे धडे

रानडुकरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई कशी मागायची, ते या आठवड्यात सांगणार होतो. ते पुढच्या खेपेस. सडक अर्जुनीच्या एका वाचकांनी मध्येच असा प्रश्न टाकला आहे की तो बाजूला ठेववत नाही. त्यांचा पुतण्या अमेरिकेत असतो. तिथे शिकारीचा परवाना हवा तर आधी वर्गात बसून परीक्षा द्यावी लागते, असे त्याने काकांना सांगितले. काका विचारतात, आपल्या जंगलात शिकार चालायची तेव्हा असले काही होते का?

नव्हते. पुतण्याचे म्हणणे मात्र खरे आहे. न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये नवशिक्या शिकाऱ्यांना असे शिक्षण सक्तीचे केले आणि मग एकेक राज्य त्या वाटेने गेले. जर्मनीत तर लेखी, तोंडी आणि नेमबाजी अशा तिन्ही परीक्षा पार कराव्या लागतात. आपल्याकडे जंगलाचे शूटिंग ब्लॉक पाडलेले असत. फी भरायची, ठरलेल्या मुदतीसाठी ब्लॉक घ्यायचा. कोणते जनावर मारायचे, किती मारायची, याचे नियम होते. पण बंदूक खांद्याला लावता येते का, हे कोणी विचारत नसे. शिकवायचे ते गावचे वाटाडे आणि जुने शिकारी. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार त्या जुन्या पिढीतले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला आले, तेव्हा जंगलाचे कितीतरी ज्ञान त्यांनी माधवरावांकडून घेतले. इतका चांगला गुरू सगळ्यांनाच मिळत नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही बंद केली आणि हौसेची शिकार संपली. बंदूक मात्र संपली नाही. धानाच्या बांध्यांवर जागल करणाऱ्या माणसाच्या माळ्यावर ती राहिली. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे आपल्या भरमारीचा, परवाना देण्याची तरतूद आहे. पुढे २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षण आले: शस्त्र हाताळणे, नेणे, चालवणे, निगा राखणे, सुरक्षित ठेवणे. म्हणजे पुतण्याच्या वर्गाचा धाकटा भाऊ आपल्याकडेही आहे. फक्त तो शिकाऱ्यासाठी नाही, परवाना मागणाऱ्यासाठी आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. काडतुसाच्या बंदुकीचे धडे भरमारीला पुरत नाहीत. काडतुसाची बंदूक उघडली की भरलेली आहे की रिकामी, डोळ्यांना दिसते. भरमारीची नळी मागून बंद. आत बार आहे की नाही, हे नळीत गज टाकूनच कळते. बार भरल्याचे विसरून वर दुसरा बार ठासला की नळी फुटण्याची वेळ येते. गोळी बारुदीवर घट्ट बसली नाही, मध्ये पोकळी राहिली, तरी तोच धोका. एक बार काढल्यावर नळीत ठिणगी धुमसत असू शकते. म्हणून बारूद डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, आधी मापात घ्यायची. घोडा पडला, टोपी वाजली आणि बार उडाला नाही, तर बंदूक लगेच खाली घेऊन नळीत डोकवायचे नाही. तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायचे. कधीकधी बार उशिरा उडतो. काडतुसातली धूररहित दारू तर भरमारीत कधीच घालायची नाही.

आणि हे सगळे पाठ असले तरी खरा घात अंधारात होतो. धानात सळसळ झाली म्हणजे डुक्करच, असे नसते. शेजारच्या बांधीतला जागल्याही असतो, पाणी बघायला निघालेला भाऊ असतो. जे डोळ्यांनी ओळखले नाही त्यावर आणि ज्याच्या मागे काय आहे ते ठाऊक नाही त्यावर घोडा ओढायचा नाही, हा जगभरच्या वर्गांतला धडा आपल्या माळ्यावर सर्वांत जास्त लागू आहे.

बंदुकीचा परवाना आहे म्हणून डुक्कर मारता येते, हाही गैरसमज. ते मारायला वन खात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. ती कटकट नको म्हणून बांधावर विजेची तार सोडणारे आहेत. त्यांना कोणताही वर्ग पुरणार नाही. नागझिऱ्याहून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेल्या 'जय' वाघाचा बछडा 'श्रीनिवास' २०१७ मध्ये नागभीडकडे अशाच तारेवर मेला. तार माणूसही ओळखत नाही.

माझे मत सरळ आहे. ज्याच्या हाती पिकराखणीची भरमार आहे, त्याला त्याच बंदुकीवर, त्याच्या गावात, मराठीत आणि गोंडीत शिकवावे. शहरातल्या नेमबाजीच्या रेंजवर मिळवलेला कागद देवरी-सालेकशाच्या माळ्यावर उपयोगाचा नाही.

वाचकांपैकी कोणाच्या घरी आजोबांची भरमार भिंतीला टांगलेली असेल, तर ती रिकामीच आहे असे धरून चालू नका. नळीसमोर हात किंवा तोंड आणू नका, पोरांना हात लावू देऊ नका. परवाना कोणाच्या नावावर आहे ते बघा. आत बार असल्याची शंका आली तर स्वतः उकरत बसू नका. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा.

नुकसानभरपाईचा अर्ज पुढच्या आठवड्यात नक्की. सातबारा काढून ठेवा.