लूना पळत का नाही?

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. अकरावीतला एक विद्यार्थी महाविद्यालयाच्या फाटकाशी एक जुनी लूना घेऊन उभा होता. गाडी त्याच्या मामांची. पाटीवर अजून अकोल्याचा 'एमएच-३०' हा क्रमांक, म्हणजे वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, त्याच्याही आधीची. मामांनी नोंदणीचे नूतनीकरण वेळोवेळी केलेले होते आणि आता ती भाच्याला दिली होती. भाच्याची इच्छा एकच. "सर, साठच्या वर पळाले पाह्यजे हे!"

त्याच्याजवळ सल्ल्यांची यादीही तयार होती. सायलेन्सर काढून टाकायचा, हवेची गाळणी काढायची आणि एका गॅरेजमध्ये सुचवल्याप्रमाणे ७० घ. सें. मी.चे सिलिंडर बसवायचे. मी त्याला म्हटले, आधी ही गाडी आज किती पळते आणि का पळत नाही, हे तर मोजू या. वाहनाची दुरुस्ती करायची तरी प्रयोगवहीची पाने आधी भरावी लागतात.

लूनेची थोडी ओळख करून देतो, कारण वाचकांपैकी बऱ्याच जणांनी ती फक्त आजोबांच्या छायाचित्रात पाहिली असेल. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या गाडीवरून ती बाजारात आणली. इंजिन ५० घ. सें. मी.चे, दोन धावांचे. सायकलीसारखी पेडले. गिअर बदलण्याची भानगड नाही. वेग वाढला की केंद्रोत्सारी प्रेरणेने क्लचचे तुकडे बाहेर फेकले जातात आणि चाकाला गती मिळते. २०२४ साली याच नावाची विजेवरची गाडी निघाली, पण तिचा आपल्या गोष्टीशी संबंध नाही.

पहिला प्रयोग फार सोपा होता. रिसोडबाहेरच्या एका सपाट, कमी वर्दळीच्या रस्त्यावर दोन किलोमीटरच्या दगडांमधले अंतर मामांनी पूर्ण वेगात पार करायचे आणि आम्ही विरामघड्याळावर वेळ मोजायची. वारा एका बाजूने असतो, म्हणून जाताना व येताना, दोन्ही वेळा मोजून सरासरी घ्यायची. सरासरी आली १२० सेकंद. म्हणजे ताशी ३० किलोमीटर. साठ तर दूरच, चाळीससुद्धा नाही!

आता साठचे गणित पाहा. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना इंजिनाला दोनच शत्रू असतात : चाकांचा लोटण-विरोध आणि हवेचा विरोध. गाडी व स्वार मिळून ११० किलोग्रॅम धरू. हवा भरलेल्या टायरांसाठी लोटण-विरोध वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे २२ न्यूटन. वेग वाढला तरी तो फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताठ बसलेल्या माणसासाठी तो ताशी ४० ला सुमारे ४१ न्यूटन येतो, तर ६० ला ९२ न्यूटन. शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग. तेव्हा ४० साठी ६३ × ११.१, म्हणजे सुमारे ७०० वॅट लागतील आणि ६० साठी ११४ × १६.७, म्हणजे सुमारे १,९०० वॅट.

वेग दीडपट, शक्ती मात्र पावणेतीन पट! मुलाचा चेहरा पडला. हा आकडा सायलेन्सर काढून मिळणार नाही, हे त्याला तिथेच पटले असावे.

पण मग गाडी तिसावरच का अडते? इथे मी प्रयोगशाळेतला ताणकाटा आणला. मामांना गाडीवर बसवले, इंजिन बंद ठेवले आणि काट्याला दोरी बांधून गाडी सपाट रस्त्यावर चालण्याच्या गतीने ओढली. या गतीला हवेचा विरोध नगण्य असतो, त्यामुळे काटा जे दाखवतो तो निव्वळ चाकांचा विरोध. अपेक्षा सव्वादोन किलोग्रॅमची होती. काटा चारवर जाऊन बसला.

जवळजवळ १८ न्यूटनचा विरोध फुकट जात होता. ताशी ४० च्या वेगाला त्याची किंमत १८ × ११.१, म्हणजे २०० वॅट! निरोगी गाडीला त्या वेगासाठी लागतात ७००. एवढी चोरी कोण करत होते? टायरांत हवा कमी होती आणि मागच्या ब्रेकचा पट्टा ड्रमला सतत घासत होता. हात लावला तर ड्रम कोमट लागे. ज्या कॅलरी पुस्तकात वाचतो त्या इथे बोटाला लागत होत्या. टायरांत योग्य दाबाने हवा भरली, नवे ब्रेकपट्टे बसवले, चाकाच्या बेअरिंगांना ग्रीस दिले. खर्च किरकोळ. काटा अडीचच्या आत आला.

यानंतर इंजिन. दोन धावांच्या इंजिनात पेट्रोलबरोबर वंगणतेलही जळते. अर्धवट जळलेल्या तेलाची काजळी दट्ट्याच्या माथ्यावर, धूर बाहेर जाण्याच्या छिद्रात आणि सायलेन्सरात साठत जाते. आमच्या गाडीचे ते छिद्र काजळीने निम्मे बुजलेले होते. माणसाने नाक दाबून धावावे, तशी तिची अवस्था. लाकडी पट्टीने काजळी खरवडून काढली. दट्ट्याला ओरखडे पडू नयेत म्हणून लाकूडच हवे, लोखंडी पेचकस नको.

आता सायलेन्सरविषयी, कारण या बाबतीत गैरसमज फार. सायलेन्सर काढला की आवाज वाढतो आणि शक्ती वाढल्याचा भास होतो. पण दोन धावांच्या इंजिनात ताजे मिश्रण आत येते तेव्हा धुराचे छिद्र उघडेच असते आणि थोडे मिश्रण न जळताच निसटते. पूर्व जर्मनीच्या एम.झेड. कारखान्यातील वाल्टर काडेन या अभियंत्याने १९५० नंतरच्या दशकात याच्यावर सुंदर तोड काढली. धुराच्या दाबाची लाट नळीत पुढे जाते. नळीचा शेवट शंकूसारखा निमुळता केला तर ती परावर्तित होऊन मागे येते आणि निसटणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. मिनिटाला ५,००० फेऱ्या असतील तर एक फेरी ०.०१२ सेकंदाची आणि त्यात छिद्र उघडे राहते सुमारे ०.००५ सेकंद. तापलेल्या धुरात लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर. म्हणजे परावर्तन साधारण एक मीटरवर झाले, तर लाट ०.००४ सेकंदात, छिद्र मिटण्याआधी, परत येते. काडेनचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेकडे पळून गेला आणि हे ज्ञान सुझुकीकडे पोहोचले. १९६२ साली ५० घ. सें. मी. गटाची पहिली जागतिक स्पर्धा त्यानेच सुझुकीवर जिंकली. १९६७ पर्यंत सुझुकीने तेवढ्याच आकारातून सुमारे १७ अश्वशक्ती काढली, पण मिनिटाला १७,००० हून अधिक फेऱ्यांवर आणि १४ गिअर देऊन!

हे चौदा गिअर का? कारण लाट वेळेवर परतते ती फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यातच. इंजिनाला त्या पट्ट्यात ठेवायला गिअर बदलत राहावे लागते. लूनेला गिअर बदलायची सोयच नाही. तिचा सायलेन्सर असा आखीव नसला, तरी इंजिनाला जुळवूनच केलेला असतो. तो काढला की जास्त मिश्रण निसटते. गाळणी काढली की मिश्रण विरळ होते, सिलिंडर तापते आणि दट्ट्या अडकून बसतो. त्यात २०२५ पासून देशभर मिळू लागलेल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. त्यातल्या ऑक्सिजनमुळे मिश्रण आणखी थोडे विरळ होते आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात, म्हणून पेट्रोलची नळीही बदलून घेतली. स्पार्क प्लगचा रंग हे चांगले निदान आहे : कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढरा असेल तर विरळ, काळा ओलसर असेल तर दाट.

राहिले ७० घ. सें. मी.चे सिलिंडर. मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला ५० घ. सें. मी.पर्यंतचीच दुचाकी चालवता येते. ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. अल्पवयीनाने गुन्हा केला तर २०१९ पासून पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मामा हे ऐकून जरा गंभीर झाले. मला मात्र कायद्याहून ब्रेकची काळजी जास्त. ताशी ४० ला या गाडीची गतिज ऊर्जा ६,८०० ज्यूल, ६० ला १५,३००. ती सगळी त्याच दोन लहानशा ड्रममध्ये उष्णता होऊन जायची. सेकंदाला सेकंदाला ४ मीटर मंदन मिळाले आणि भानावर यायला एक सेकंद लागला, असे धरा. ४० ला गाडी सुमारे २७ मीटरवर थांबेल, ६० ला सुमारे ५१ मीटरवर. सोयाबीनच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे.

महिन्याभराने त्याच दोन दगडांमध्ये पुन्हा वेळ मोजली. सरासरी ९२ सेकंद, म्हणजे ताशी ३९ किलोमीटर. रिसोड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच असल्याने इथली हवा सुमारे पाच टक्के विरळ आहे, तेव्हा याहून फारशी अपेक्षाही नव्हती. मुलगा म्हणाला, "सर, थांबतेही बरी आता."

ताणकाटा मात्र अजून प्रयोगशाळेत परतलेला नाही. तो सध्या त्याच्या एका मित्राच्या वडिलांच्या टीव्हीएसला बांधलेला आहे असे कळते.