जी तार का उतरते? : इलेक्ट्रिक गिटारचा नट बदलताना

इलेक्ट्रिक गिटार सुरात राहत नाही म्हटलं की पहिला संशय ट्यूनिंग कीवर जातो. त्या खुंट्या समोर दिसतात, हाताने फिरतात, बाजारात नव्या मिळतात. म्हणून लोक महागड्या की आणून बसवतात आणि पुढच्याच सरावाला जी तार पुन्हा उतरलेली असते. वास्तविक खुंटीतल्या गिअरची रचनाच अशी असते की तारेच्या ओढीने तो उलटा फिरत नाही. खुंटी अगदी झिजली किंवा सैल झाली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी तार अडकते ती खुंटीच्या अलीकडे, फिंगरबोर्ड संपतो तिथल्या जेमतेम चार सेंटिमीटरच्या पांढऱ्या पट्टीत. ही पट्टी म्हणजे नट.

हा त्रास सगळ्यात ठळक दिसतो तो लेस पॉल धाटणीच्या गिटारवर, म्हणून इथलं सगळं वर्णन त्याच गिटारला धरून आहे. गिब्सनने ही गिटार 1952 मध्ये आणली. तिचा हेडस्टॉक मागे सतरा अंशांनी झुकलेला, आणि खुंट्या दोन्ही बाजूंना तीन-तीन. त्यामुळे नट ओलांडल्यावर तारेला दोन वळणं घ्यावी लागतात: एक खाली, एक बाजूला. डी आणि जी या मधल्या तारा, पण त्यांच्या खुंट्या हेडस्टॉकच्या पार टोकाला आणि बाहेरच्या अंगाला. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरवर सहाही खुंट्या एका ओळीत असतात आणि तारा नटातून जवळजवळ सरळ जातात. तिथे नट वाईट असला तरी बऱ्यापैकी निभावतं. लेस पॉलवर निभावत नाही.

वळणाने एवढा फरक का पडतो? दोराचा एक वेढा झाडाला दिला की ओढाळ जनावरही एका हाताने धरता येतं, त्यामागचं तत्त्वच इथे लागू होतं. दोर जितका जास्त वळतो आणि पृष्ठभाग जितका खरखरीत असतो, तितकं घर्षण वाढतं, आणि तेही बेरजेने नव्हे, गुणाकाराने. नटाच्या खाचेत हेच घडतं. तारेच्या एका अंगाला जितका ताण, तितकाच दुसऱ्या अंगाला असायला हवा. खाच तार धरून ठेवते, आणि दोन्हीकडचे ताण वेगळे होतात.

आता बेंड करताना काय होतं ते बघा. तुम्ही जी तार बोटाने वर ढकलता, वाजणाऱ्या भागातला ताण वाढतो आणि खुंटीकडची थोडी तार नटातून ब्रिजच्या बाजूला सरकते. बोट सोडल्यावर तेवढीच तार मागे जायला हवी. खाचेने ती अडवली तर वाजणाऱ्या भागात तार जास्त उरते, ताण कमी होतो आणि सूर उतरतो. ट्रेमोलोचा दांडा असेल तर उलटं घडतं. दांडा खाली दाबला की तार सैल होऊन खुंटीकडे सरकते, आणि दांडा सोडल्यावर पूर्ण परत आली नाही तर सूर चढा राहतो. बेंडनंतर उतरलेली आणि दांड्यानंतर चढलेली तार, या दोन खुणा एकत्र दिसल्या तर दोष घर्षणाचा आहे असं समजायला हरकत नाही.

मग बदनाम जी तारच का होते? बाजूचं वळण हे एक कारण. दुसरं कारण थोडा हिशेब केल्याशिवाय लक्षात येत नाही. दहाच्या सेटमध्ये (हा आकडा म्हणजे सगळ्यात बारीक तारेची इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेली जाडी) जी तार 0.43 मिलिमीटर जाडीची, बिनवेढ्याची, साधी पोलादी असते. 628 मिलिमीटरच्या स्केलवर तिला 196 हर्ट्झला आणताना ती एकूण दीडच मिलिमीटर ताणली जाते. सगळ्यात बारीक ई तार सुरात येईपर्यंत चार मिलिमीटरहून जास्त ताणलेली असते. म्हणजे मुळात कमी ताणलेल्या जी तारेत जरासा फेरफार झाला तरी सुरात तो मोठा दिसतो. नटात ती मिलिमीटरचा शंभरावा भाग सरकून अडकली तर सूर पाच-सहा सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाच-सहा शतांशाने, हलतो. ई तारेवर तेवढ्याच सरकण्याने दोनेक सेंटचा फरक पडतो. साध्या कागदाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते, त्यावरून हा फरक किती सूक्ष्म आहे ते लक्षात येईल. आणि कान तो ऐकतो.

नट काढायला घेण्याआधी खात्री करून घ्या. शांत खोलीत, अँप बंद ठेवून, जी तार हळूहळू चढवा. खुंटी फिरते आहे पण सूर हलत नाही, आणि मग एकदम ‘टिंग’ असा बारीक आवाज होऊन सूर उडी मारतो, असं झालं तर तार खाचेत अडकून सुटते आहे. दुसरी चाचणी: एक जोरदार बेंड करा, तार उतरली की नटाच्या मागे, हेडस्टॉकवरच्या भागात ती बोटाने हलकी दाबा आणि सोडा. सूर जागेवर आला तर चोर सापडला. दोन्ही चाचण्यांत काहीच दिसलं नाही तर नटाला हात लावू नका. मग कारण बहुधा दुसरं असतं: तार नवी असेल तर ती अजून ताणून बसलेली नसते, किंवा खुंटीवर वेढे एकमेकांवर चढलेले असतात.

अडकत असेल तर आधी पेन्सिल. मऊ शिशाची, 4बी किंवा 6बी. तार बाजूला करून खाचेत शिसं घासायचं. ग्रॅफाइट हे चांगलं कोरडं वंगण आहे आणि कितीतरी गिटारांचं काम एवढ्यावर भागतं. त्याने फरक पडला पण टिकला नाही, किंवा खाच आधीच इतकी खोल गेली आहे की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते, तर नट बदलायची वेळ आली.

नट कशाचा घ्यावा यावर गिटारवाले तासन्‌तास बोलू शकतात. हाड, ग्रॅफाइट मिसळलेलं प्लास्टिक, ग्राफटेक कंपनीचा टस्क हा कृत्रिम पदार्थ, पितळ. माझं मत स्पष्ट आहे: पोकळ, स्वस्त प्लास्टिक सोडलं तर यातलं काहीही चालतं, कारण तार अडकते की सरकते हे पदार्थापेक्षा खाच कशी कापली आहे यावर जास्त ठरतं. 1950 च्या दशकातल्या, आज सोन्याच्या भावाने विकल्या जाणाऱ्या लेस पॉलवर नायलॉनचे नट होते. खाच वाईट असेल तर उत्तम हाडही तार धरून बसतं. तरीही पहिल्यांदा हाताने करणाऱ्याने हाडच घ्यावं. ते कठीण आणि एकजीव असतं, कानशीखाली अंदाज देतं, आणि चुकलं तर दुरुस्त करता येतं. तोंडाला मास्क मात्र लावा, हाडाची धूळ छातीत जाऊ देऊ नये.

जुना नट काढताना घाई केली तर गिटारचं कायमचं नुकसान होतं. लॅकरचा थर बऱ्याचदा नटाच्या कडांवरून गेलेला असतो. तो धारदार ब्लेडने नटाच्या सगळ्या कडेने आधी कापून घ्या, नाहीतर नटाबरोबर हेडस्टॉकच्या लॅकरचा टवका उडतो. मग फिंगरबोर्डच्या बाजूने नटाला लाकडाचा छोटा ठोकळा लावून, हातोडीने अगदी हलके, हेडस्टॉकच्या दिशेने ठोके द्या. गिब्सन पद्धतीच्या गिटारवर नट फिंगरबोर्डच्या टोकाला टेकून बसलेला असतो, त्यामुळे तो पुढे सुटून येतो. स्ट्रॅटोकास्टरवर तो फिंगरबोर्डमध्ये कापलेल्या खोबणीत असतो, तिथे असं ठोकू नका. तिथे बाजूने सरकवून काढावा लागतो. खाली राहिलेला जुना गोंद छोट्या पटाशीने खरवडा, लाकूड खरवडू नका.

नवा तुकडा आधी तळाला सपाट करायचा. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासला की तळ खरोखर सपाट होतो, हातात धरून घासला तर कडा गोल होतात. मग जाडी. गिब्सनचा नट पाच मिलिमीटरच्या आसपास, त्याच धाटणीच्या इतर गिटारांचा बऱ्याचदा सहाच्या. व्हर्नियरने जुना मोजूनच घ्या. नट जागेवर बोटाने दाबून बसला पाहिजे आणि गिटार उलटी केली तरी लगेच पडता कामा नये. खाली फट राहिली तर सूर मऊ पडतो.

आता उंचीची खूण. साधी पेन्सिल उभी चिरून तिची अर्धी फाक घ्या. सपाट बाजू पहिल्या दोन-तीन फ्रेटवर टेकवून ती नटाच्या तोंडावर आडवी फिरवली की एक रेघ उमटते. तिची खालची कड म्हणजे फ्रेटच्या माथ्याची पातळी. एकही खाच या रेघेखाली जाता कामा नये. सगळं काम या रेघेच्या वरच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये चालतं.

तारांमधलं अंतर आखताना तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत समान भाग पाडणं ही नेहमीची चूक. जाड तारा मग एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटतात. समान हवी ती दोन तारांमधली मोकळी जागा. नट 43 मिलिमीटर रुंद, दोन्ही कडांना तीन-तीन मिलिमीटर सोडले की उरतात 37. दहाच्या सेटमधल्या सहा तारांची एकूण जाडी सुमारे 3.75 मिलिमीटर. ती वजा केली की 33.25, आणि मधल्या जागा पाच. म्हणजे प्रत्येक फट 6.65 मिलिमीटरची. टोकदार पेन्सिलने आखा आणि प्रत्येक खुणेवर बारीक करवतीने फक्त ओरखडा काढा.

खरं काम इथून पुढे. खाचेसाठी वेगवेगळ्या जाडीच्या गोल धारेच्या खास कानशी मिळतात. त्या महाग असतात, पण चांगल्या खाचेला दुसरा पर्याय नाही. खाच तारेपेक्षा किंचितच रुंद हवी. 0.43 च्या तारेला 0.48 च्या आसपास. अरुंद असेल तर दोन्ही भिंती तार चिमटीत धरतात, जास्त रुंद असेल तर तार आत थरथरते. तळ गोल हवा, कारण व्ही आकाराच्या तळात तार पाचरीसारखी रुतते.

उतार ही सगळ्यात नाजूक गोष्ट. खाच फिंगरबोर्डच्या बाजूला सगळ्यात उंच असावी आणि तिथून मागे हेडस्टॉककडे उतरत जावी, हेडस्टॉकच्या झुकावापेक्षा थोड्या कमी उताराने. तार फिंगरबोर्डकडच्या कडेवरूनच सुटली पाहिजे. तळ सपाट राहिला, किंवा सगळ्यात उंच जागा मागे गेली, तर तार पुढच्या भागावर घसपटते आणि सतारीसारखी झणझणते. मिरजेचा सतार बनवणारा कारागीर घोडीचा माथा घासून हीच झणझण, म्हणजे जवारी, मुद्दाम आणतो आणि त्यासाठी तारेला बराच वेळ पृष्ठभागाशी खेळवतो. गिटारच्या नटावर तेच दोषात जमा होतं. म्हणून कानस नेहमी मागून पुढे, हँडल हेडस्टॉकच्या बाजूला खाली धरून चालवा.

डी आणि जीच्या खाचांना आणखी एक गोष्ट करावी लागते. पुढच्या अर्ध्या भागात त्या तारेच्या सरळ रेषेत ठेवा आणि मागच्या अर्ध्या भागात खुंटीच्या दिशेने हळूच वळवा, म्हणजे तार एका टोकदार कोपऱ्यावर मुडपत नाही. त्या बाजूची मागची कड गोल करा. लेस पॉलवर जी तारेचा निम्मा त्रास या दोन-तीन मिलिमीटरमध्ये मिटतो. शेवटी तारेचाच एक तुकडा बारीक पॉलिश पेपरात गुंडाळून खाचेत फिरवा, आतून चकाकी आली पाहिजे. वेढ्याच्या तारांना ती जास्त लागते, कारण वेढे खडबडीत जागी कानशीसारखे अडकतात.

खोली तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार फ्रेटला टेकलेली नको, पण मधली फट केसाएवढीच हवी. जाड ईला थोडी जास्त चालते. बोटाने तिथे टकटक केलं की हलका ‘टिक’ ऐकू येतो. फट मोठी असेल तर पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात आणि एफ कॉर्ड दाबताना हात दुखतो. इथे प्रत्येक दोन-तीन घासांनंतर तार सुरात आणून बघायची, दुसरा मार्ग नाही. खोलीही ठरलेली: जाड तार निम्मी खाचेत, निम्मी वर, साध्या तारा पूर्ण बसल्या तरी चालतात. नटाचा माथा जास्त उरला असेल तर तो घासून खाली आणा, खोल दरीत बसलेली तार भिंतींना घासते.

एखादी खाच जास्त खोल गेलीच तर हाडाची पूड तिच्यात भरून सुपरग्लूचा थेंब टाका, वाळल्यावर पुन्हा कापा. चालतं, पण नव्या नटाइतकं टिकत नाही. सगळं जमलं की नट खाली फेव्हिकॉलच्या एक-दोन थेंबांवर बसवा. जास्त गोंद नको, तो नट पुढे कधीतरी पुन्हा काढायचा आहे.

आणि तारांचा सेट ठरवूनच खाचा कापा. दहाचा नट अकराच्या सेटला अरुंद पडतो, तार पुन्हा चिमटीत जाते आणि ‘टिंग’ परत येतो. जाड सेटवर जायचं असेल तर खाचा त्या मापाच्या कानशीने रुंद करून घ्या, खोली मात्र वाढू देऊ नका. उलट दहावरून नऊवर यायचं असेल तर खाच किंचित सैल राहते आणि बहुतेक गिटारांवर तेवढं खपून जातं.