सॅक्सोफोनच्या घरी आलेला पाहुणा सूर

जॅझ संगीतात गायक आणि सॅक्सोफोन यांचे नाते जुने आहे. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात बिली हॉलिडे गात असताना लेस्टर यंग यांचा टेनर सॅक्सोफोन तिच्या ओळींच्या मधल्या जागा भरून काढीत असे. मात्र ती ध्वनिमुद्रणे गायिकेच्या नावे ओळखली गेली आणि वादक साथीदार राहिला. १९६२ मध्ये नॅन्सी विल्सन व कॅननबॉल अ‍ॅडर्ली आणि १९६३ मध्ये जॉन कोल्ट्रेन व जॉनी हार्टमन यांच्या ध्वनिमुद्रिका आल्या, तेव्हा दोघांची नावे बरोबरीने छापली गेली. याच्या पुढची पायरी म्हणजे ध्वनिमुद्रिका वादकाची आणि गायक तिच्यात पाहुणा. ही पायरी जॅझच्या वर्तुळाबाहेरच्या लक्षावधी श्रोत्यांपर्यंत ज्या ध्वनिमुद्रिकेने नेली, ती म्हणजे ग्रोव्हर वॉशिंग्टन (ज्युनियर) यांची १९८० मधील 'वाइनलाइट'.

या ध्वनिमुद्रिकेत सहा रचना आहेत आणि त्यांपैकी एकाच रचनेत प्रमुख गायकाचा आवाज ऐकू येतो. ती रचना म्हणजे 'जस्ट द टू ऑफ अस' आणि तो आवाज बिल विदर्स यांचा. आज हे गाणे जगभर ओळखले जाते. परंतु ते विदर्स यांच्या ध्वनिमुद्रिकेतील नसून एका सॅक्सोफोनवादकाच्या ध्वनिमुद्रिकेतील आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. पाहुण्याने यजमानाला झाकून टाकावे, असा हा प्रकार. तो कसा घडला आणि त्यात कोणाला काय मिळाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

ग्रोव्हर वॉशिंग्टन यांचा जन्म १२ डिसेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात झाला. वडील सॅक्सोफोन वाजवीत, तर आई चर्चमधील वृंदात गात असे. वाद्य आणि गळा असे दोन्ही वारसे घरातच होते. सैन्यातील सेवेच्या काळात त्यांची ओळख बिली कोबम या ड्रमवादकाशी झाली आणि त्याच्यामार्फत न्यूयॉर्कच्या वादकांशी. १९६७ मध्ये ते फिलाडेल्फियात स्थायिक झाले. १९७१ मध्ये निर्माते क्रीड टेलर यांच्या 'कुडू' या कंपनीसाठी एक ध्वनिमुद्रण ठरले होते. ते हँक क्रॉफर्ड या नामवंत वादकाच्या नावे व्हायचे होते. पण क्रॉफर्ड ऐनवेळी येऊ शकले नाहीत आणि त्यांच्या जागी वॉशिंग्टन यांना उभे करण्यात आले. 'इनर सिटी ब्लूज' ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका अशा योगायोगातून जन्माला आली.

या पहिल्या ध्वनिमुद्रिकेची रचनासूची पाहिली तर वॉशिंग्टन यांचा कल स्पष्ट होतो. तिच्यात मार्विन गे यांची दोन गाणी आहेत आणि बिल विदर्स यांचे त्याच वर्षी गाजलेले 'एन्ट नो सनशाइन'ही आहे. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये आलेल्या 'ऑल द किंग्ज हॉर्सेस'मध्ये विदर्स यांचे 'लीन ऑन मी' आहे आणि राल्फ मॅकडोनाल्ड व विल्यम सॉल्टर या जोडीने रचलेले 'व्हेअर इज द लव्ह'देखील आहे. म्हणजे 'वाइनलाइट'मधील त्या गाण्याचे तिन्ही गीतकार, विदर्स, मॅकडोनाल्ड आणि सॉल्टर, आठ वर्षे आधीच वॉशिंग्टन यांच्या एका ध्वनिमुद्रिकेत एकत्र आले होते. फक्त तेव्हा शब्द गळले होते आणि चाल तेवढी सॅक्सोफोनवर उतरली होती. १९७५ मध्ये गाजलेली 'मिस्टर मॅजिक' ही रचनाही मॅकडोनाल्ड आणि सॉल्टर यांचीच.

सोल हा प्रकार कृष्णवर्णीय चर्चमधील भक्तिगायन आणि रिदम अँड ब्लूज यांच्या संगमातून आला. त्यात गायक एखादा स्वर ताणतो, वाकवतो, त्यात श्वास मिसळू देतो. सुरेलपणाइतकेच महत्त्व आर्ततेला असते. सॅक्सोफोन हे फुंकीवर चालणारे वाद्य असल्याने हे सारे त्यावर उतरू शकते. ओठांचा दाब आणि हवेचा झोत यांवर स्वराचा पोत बदलतो. वॉशिंग्टन यांनी वेगवान तानांच्या प्रदर्शनापेक्षा हा गळ्याचा गुण जवळ केला. त्यांचे वादन ऐकताना शब्द नसलेले गाणे ऐकत असल्याचा भास होतो, तो यामुळेच.

बिल विदर्स यांची वाट अगदी वेगळी. वेस्ट व्हर्जिनियातील स्लॅब फोर्क या कोळसाखाणींच्या वस्तीत ४ जुलै १९३८ रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणी ते बोलताना अडखळत. नऊ वर्षे नौदलात काढल्यानंतर त्यांनी विमानांची प्रसाधनगृहे बनविणाऱ्या कारखान्यात नोकरी केली. पहिली ध्वनिमुद्रिका आली तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते. त्यानंतर यश भराभर आले. १९७२ मध्ये 'लीन ऑन मी' अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

पुढे १९७५ मध्ये ते 'कोलंबिया' या बड्या कंपनीकडे गेले आणि काही वर्षांत संबंध बिघडले. काय गावे आणि कसे गावे यावर कंपनीतील अधिकाऱ्यांनी सल्ले द्यावेत, हे स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्या या मानी माणसाला मानवणारे नव्हते. परिणामी १९७८ नंतर थेट १९८५ पर्यंत त्यांच्या नव्या गाण्यांची एकही ध्वनिमुद्रिका आली नाही. ऐन बहरात असलेला आवाज स्वतःच्या घरात बंदिस्त झाला होता. या सात वर्षांत तो आवाज लोकांपर्यंत पोहोचला तो इतरांच्या घरी पाहुणा म्हणून जाऊनच. १९८० मध्ये 'क्रुसेडर्स' या वाद्यवृंदाच्या 'सोल शॅडोज'मध्ये तो ऐकू आला आणि त्याच वर्षी 'इलेक्ट्रा' या प्रतिस्पर्धी कंपनीने काढलेल्या 'वाइनलाइट'मध्येही.

'वाइनलाइट'चे ध्वनिमुद्रण १९८०च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये झाले. निर्मितीची धुरा वॉशिंग्टन आणि मॅकडोनाल्ड या दोघांकडे होती. साथीला ड्रमवर स्टीव्ह गॅड, गिटारवर एरिक गेल आणि विद्युत पियानोवर रिचर्ड टी असे मुरलेले वादक होते. हे तिघे 'स्टफ' या वाद्यवृंदात एकत्र वाजवीत असल्याने परस्परांची चाल जाणून होते. बेस गिटार एकवीस वर्षांच्या मार्कस मिलर यांच्या हाती होती; पुढच्याच वर्षी ते माइल्स डेव्हिस यांच्या संचात दाखल झाले.

गाण्याची मूळ कल्पना मॅकडोनाल्ड आणि सॉल्टर यांची. ते गाण्याविषयी विदर्स यांना विचारण्यात आले, तेव्हा शब्दांच्या बाबतीत चोखंदळ असलेल्या विदर्स यांनी त्यावर आपला हात फिरवू देण्याची अट घातली. ती मान्य झाली आणि तिसरे गीतकार म्हणून त्यांचे नाव जोडले गेले. पाहुण्याने केवळ गाऊन जावे, असा हा व्यवहार राहिला नाही. प्रेमाचे गाणे असूनही त्यात रडगाणे नाही. उलट वाट पाहत बसून काही मिळत नसते, असे बजावणारा प्रौढ समंजसपणा आहे. विदर्स यांच्या आधीच्या गाण्यांतही हाच स्वभाव दिसतो.

संगीताच्या अंगानेही ही रचना विचार करण्याजोगी आहे. गाणे एफ मायनर या स्वरमेळात आहे. त्याच्या तळाशी स्वरसंघातांची एक लहानशी साखळी सतत फिरत राहते: डी फ्लॅट मेजर सेव्हन, सी सेव्हन, एफ मायनर आणि मग ई फ्लॅट मायनर व ए फ्लॅट सेव्हन. यातील शेवटचा स्वरसंघात पुन्हा पहिल्याकडे खेचतो. त्यामुळे गाडी कुठे थांबत नाही. समेवर येऊन विसावा घेण्याऐवजी प्रत्येक आवर्तन पुढच्या आवर्तनात विरघळते. ऐकणाऱ्याला गोडवा जाणवतो, त्याखाली किंचित हुरहुरही जाणवते. ही साखळी पुढे इतक्या ठिकाणी वापरली गेली की जपानी संगीतविश्वात ती या गाण्याच्याच नावाने ओळखली जाते.

त्यावर आणखी एक रंग चढतो तो स्टीलपॅनचा. त्रिनिदादमध्ये जन्मलेले हे वाद्य येथे रॉबर्ट ग्रीनिज यांनी वाजविले आहे. मॅकडोनाल्ड यांचे वडील त्रिनिदादचे कॅलिप्सो गायक. स्वतः मॅकडोनाल्ड कोवळ्या वयात हॅरी बेलाफॉन्टे यांच्या संचात स्टीलपॅन वाजवीत असत. फिलाडेल्फियाचा सॅक्सोफोन, वेस्ट व्हर्जिनियाचा गळा आणि कॅरिबियन बेटांवरील पोलादी झंकार असे तीन प्रांत या एका रचनेत नांदतात.

ध्वनिमुद्रिकेवर ही रचना सात मिनिटांहून अधिक चालते. विदर्स यांचे गायन संयत आहे. ते कोठेही आवाज चढवून टाळ्या मागत नाहीत. सॅक्सोफोनही गाण्यावर कुरघोडी करीत नाही. गायक बोलत असताना वादक थांबतो आणि गायक थांबला की तोच भाव पुढे नेतो. आकाशवाणीसाठी मात्र गाणे सुमारे चार मिनिटांचे करण्यात आले. कात्री अर्थातच वाद्यवादनाच्या भागावर चालली आणि लोकांच्या कानी प्रामुख्याने गायक पोहोचला. तबकडीवर वॉशिंग्टन यांचे नाव आधी आणि विदर्स यांचे नंतर छापले होते; जनमानसात क्रम उलटला, त्याचे एक कारण या कात्रीत आहे.

१९८१ च्या मे महिन्यात हे गाणे बिलबोर्डच्या यादीत तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर होते. आधी शीना ईस्टन आणि मग किम कार्न्स यांच्या गाण्यांनी त्याला पहिले स्थान मिळू दिले नाही. ध्वनिमुद्रिका सर्वसाधारण यादीत पाचव्या आणि जॅझच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. फेब्रुवारी १९८२ मधील ग्रॅमी सोहळ्यात 'वाइनलाइट'ला जॅझ फ्यूजन वादनाचा, तर 'जस्ट द टू ऑफ अस'ला सर्वोत्तम रिदम अँड ब्लूज गीताचा पुरस्कार मिळाला.

या यशाने पुढचा शिरस्ता घालून दिला. १९८२ च्या 'द बेस्ट इज येट टू कम'मध्ये वॉशिंग्टन यांनी फिलाडेल्फियाच्याच पॅटी लाबेल यांना बोलावले. १९८९ च्या 'टाइम आउट ऑफ माइंड'मध्ये फिलिस हायमन आल्या, तर १९९२ च्या 'नेक्स्ट एक्झिट'मध्ये लेला हॅथवे, नॅन्सी विल्सन आणि 'फोर टॉप्स' अशी पाहुण्यांची रांगच लागली. इतर सॅक्सोफोनवादकांनीही हाच मार्ग धरला. 'स्मूथ जॅझ' या नावाने १९८०च्या दशकात अमेरिकी आकाशवाणीवर जो प्रवाह रुजला, त्याच्या मुळाशी 'वाइनलाइट'चे नाव घेतले जाते.

जॅझच्या कडव्या समीक्षकांना हे रुचले नाही. उत्स्फूर्तता आणि जोखीम हा जॅझचा प्राण; तो काढून घेतला की उरते ते पार्श्वसंगीत, असा त्यांचा आक्षेप. नंतरच्या काळातील पुष्कळ गुळगुळीत निर्मितीबाबत तो खराही आहे. पाहुणा गायक हा कित्येकदा केवळ खपाचा हुकमी पत्ता ठरला. परंतु 'वाइनलाइट'ला त्याच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. येथे गायक बाजारासाठी ऐनवेळी चिकटवलेला नव्हता. वॉशिंग्टन १९७१ पासून त्याची गाणी वाजवीत होते. नऊ वर्षांनी त्या सुरांचा धनी प्रत्यक्ष येऊन शेजारी उभा राहिला, एवढेच.

वॉशिंग्टन यांचे १७ डिसेंबर १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे चित्रीकरण आटोपल्यावर हृदयविकाराने निधन झाले. नुकतेच त्यांना छप्पन्नावे वर्ष पूर्ण झाले होते. विदर्स यांनी १९८५ च्या ध्वनिमुद्रिकेनंतर स्वतःची नवी ध्वनिमुद्रिका काढलीच नाही. ३० मार्च २०२० रोजी वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी ते गेले, तेव्हा जगभरच्या श्रद्धांजलींत 'जस्ट द टू ऑफ अस'चा उल्लेख त्यांचे गाणे म्हणून झाला. त्यात चूक काही नाही. शब्दांत त्यांचा वाटा होताच. तथापि ज्या काळात स्वतःच्या कंपनीत त्यांचा आवाज अडून पडला होता, त्या काळात तो लोकांपर्यंत नेला एका वादकाने, आपल्या ध्वनिमुद्रिकेत जागा करून देऊन. ज्यांनी आजवर केवळ चार मिनिटांचे गाणे ऐकले आहे, त्यांनी सात मिनिटांची मूळ रचना एकदा सावकाश ऐकावी. कात्रीने वगळलेल्या त्या जागांमध्ये ग्रोव्हर वॉशिंग्टन भेटतात.