घरगुती वीज स्वस्त होईल काय?

शेतीपंपाच्या विजेची चर्चा गावोगावी होते. परंतु दर महिन्याला रोख पैसे जातात ते घरच्या वीजबिलात. हे बिल पुढील काळात कमी होईल काय आणि त्यासाठी आपल्या हाती काय आहे, याचा विचार या लेखात केला आहे.

वीज महाग का पडते?

महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग आजही दगडी कोळशापासून तयार होतो. कोळसा, त्याची वाहतूक, केंद्रांचा स्थिर खर्च आणि तारांमधून होणारी गळती हे सर्व ग्राहकाच्या बिलात येते. बिलात युनिटच्या दराखेरीज स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क असते. शिवाय शेतीपंपांना सवलतीत दिलेल्या विजेचा काही भार उद्योग, दुकाने व जास्त वापराच्या घरांवर पडतो.

स्वस्ताईची चिन्हे

सौर विजेचे दर झपाट्याने उतरले आहेत. सन २०१७ मध्ये मध्य प्रदेशातील रीवा प्रकल्पात पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रु. ९७ पैसे आला. त्याच वर्षी राजस्थानातील भडला येथे तो २ रु. ४४ पैसे, तर डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रु. ९९ पैशांपर्यंत खाली आला. मात्र हे प्रकल्पाच्या दारातील दर आहेत. सूर्य मावळल्यावर, म्हणजे नेमकी घरात मागणी वाढते तेव्हा, ही वीज मिळत नाही. म्हणून बिल त्या प्रमाणात उतरत नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याचे काम चालू आहे. शेतीला स्वस्त वीज मिळाली, तर इतर ग्राहकांवरील भार हलका होण्यास वाव आहे. परंतु त्याची वाट पाहत बसण्यापेक्षा घरापासून सुरुवात करणे हिताचे.

आधी बचत

घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो. १०१ ते ३०० युनिटांचा बराच जास्त. समजा, एका घराचा वापर महिना १४० युनिट आहे. ७५ वॅटचे ३ पंखे रोज १२ तास चालले तर महिन्याला ८१ युनिट लागतात. त्याऐवजी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बसविल्यास सुमारे ३२ युनिट पुरतात. वाचलेल्या ४९ युनिटांमुळे वापर ९१ वर येतो आणि यांपैकी ४० युनिट महागड्या टप्प्यातील असतात.

छतावरील सौर संच

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीत १ किलोवॅटला ३०,००० रु., २ किलोवॅटला ६०,००० रु. आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रु. केंद्रीय अनुदान आहे. एक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते व त्यातून महिन्याला सरासरी १२० युनिट मिळतात.

हिशेबासाठी किलोवॅटला ६५,००० रु. खर्च आणि सर्व आकार धरून पहिल्या टप्प्याचा दर ६ रु., दुसऱ्याचा १२ रु. मानू.

१) महिना २५० युनिट वापर : २ किलोवॅट संच. अनुदान वजा जाता खर्च ७०,००० रु. बचत महिना २,३४० रु. खर्च सुमारे अडीच वर्षांत निघतो.

२) महिना ९० युनिट वापर : १ किलोवॅट संच. खर्च ३५,००० रु., बचत महिना ५४० रु. खर्च निघण्यास सुमारे साडेपाच वर्षे लागतात.

यावरून लक्षात येईल की, कमी वापराच्या घराने शेजाऱ्याचे पाहून मोठा संच बसवू नये. जास्तीची वीज नेट मीटरद्वारे आर्थिक वर्षात पुढे वळती होते. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

ही काळजी घ्यावी

१) बॅटरी नसलेला ग्रीडला जोडलेला संच भारनियमनात बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कामगाराच्या सुरक्षिततेसाठी तशी रचना असते. 'वीज गेली तरी दिवे राहतील' असे विक्रेता म्हणाल्यास लेखी घ्यावे.

२) पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवावेत. नारळ, आंबा किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडू देऊ नये.

३) पत्र्याचे छप्पर असल्यास सांगाड्याची मजबुती आधी तपासावी.

४) मळणीच्या दिवसांत काचेवर धूळ व भुसा बसतो. सकाळी लवकर, पॅनेल थंड असताना, मऊ फडक्याने साध्या पाण्याने पुसावे.

५) अनुदान देशी बनावटीच्या पॅनेललाच मिळते. नोंदणीकृत पुरवठादार निवडावा व संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये.

थोडक्यात, वीज स्वस्त होण्याचे दिवस दिसू लागले आहेत. पण ते प्रत्येक घरी सारखेच येणार नाहीत. मागील १२ महिन्यांची बिले काढून वापराची सरासरी काढावी, आधी बचत करावी आणि उरलेल्या गरजेइतकाच संच बसवावा. पिकाला मोजून खत देणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब अवघड नाही.