क्रिओसोट : वाळवंटांतील दीर्घायुषी झुडूप

पृथ्वीवरील अत्यंत वयोवृद्ध वनस्पति कोणती, असें विचारलें असतां विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें एखादा विशाल वटवृक्षच उभा राहील. परंतु अशा वनस्पतींत ज्याची गणना होते, तें एक झुडूप माणसाच्या उंचीहून बहुधा फारसें मोठें नसतें. त्याचें नांव क्रिओसोट. शास्त्रीय नांव लॅरिया ट्रायडेंटाटा.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नैर्ऋत्य भाग व उत्तर मेक्सिको येथील मोहावी, सोनोरा व चिवावा या तीन वाळवंटांत तें मैलचे मैल पसरलेलें आहे. आपल्याकडील कांटेरी सराटा याच्याच कुळांतला. क्रिओसोटच्या लहान पानांवर राळेसारखा लेप असतो. त्यामुळें आंतील ओलावा सहसा उडून जात नाहीं. पावसाची सर येतांच या लेपाचा उग्र वास चोहोंकडे पसरतो. रेल्वेच्या लांकडी स्लीपरांना लावण्याच्या क्रिओसोट तेलाची त्यानें आठवण होते, म्हणून हें नांव पडलें. तें तेल मात्र या झुडुपापासून निघत नाहीं.

याच्या दीर्घायुष्याचें मर्म त्याच्या वाढीच्या रीतींत आहे. मधलें जुनें खोड कालांतरानें मरतें, परंतु बाहेरच्या अंगास नवे फुटवे येत राहतात. हा क्रम शतकानुशतकें चालला म्हणजे मध्यें मोकळी जागा व भोंवतीं झुडुपांचें रिंगण तयार होतें. पाहणारास तीं निरनिराळीं झुडुपें वाटतात. वस्तुतः ती सर्व एकाच बीजाची वाढ होय.

कॅलिफोर्नियांत ल्यूसर्न व्हॅलीनजीक असें एक रिंगण असून त्यास 'किंग क्लोन' म्हणतात. त्याची जास्तींत जास्त रुंदी सुमारें ६७ फूट आहे. जुन्या लांकडांतील किरणोत्सारी कर्ब व वाढीचा वेग यांवरून त्याचें वय सुमारें ११,७०० वर्षें असावें, असें वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक वासेक यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलें. हें बीज रुजलें तेव्हां हिमयुग सरत होतें, आणि मिसर देशचे पिरॅमिड उभे राहावयास सुमारें सात हजार वर्षें अवकाश होता!

हें रिंगण वर्षास एक मिलिमीटरहूनही कमी सरकतें. म्हणजे मोटारीच्या चाकाखालीं त्याची फूटभर वाढ समूळ चिरडली, तर ती भरून येण्यास तीनशेंहून अधिक वर्षें लागावयाचीं. किंग क्लोनची जागा आतां राखून ठेवलेली आहे. परंतु ओसाड समजून जेथें बेफाम मोटारी हांकल्या जातात, अशा भूमीवरही क्रिओसोट उभें आहे. दिसावयास क्षुद्र तें निरुपयोगी, असा निवाडा करण्यापूर्वीं त्याचें वय तरी विचारून पाहावें.