छाया
प्रकाश अडविणाऱ्या वस्तूमागे दिसणारा अंधार. छाया (तम) ही सत् वस्तू आहे की केवळ अभाव, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद होय. ती काळी दिसते व चालते. रूप आणि गती द्रव्यालाच संभवतात, म्हणून तम हे द्रव्य होय, असे भाट्ट मीमांसक मानतात. हे मान्य केल्यास वैशेषिकांची नऊ द्रव्यांची गणना अपुरी ठरते. वैशेषिकांच्या मते तम म्हणजे तेजाचा अभाव. चालते ती अडविणारी वस्तू किंवा दिवा, छायेची गती हा भास होय. शिवाय रूपवान द्रव्य दिसण्यास प्रकाश लागतो, तम मात्र प्रकाश येताच नाहीसे होते. तथापि अभाव म्हणजे निव्वळ शून्य नव्हे. उत्तरकालीन वैशेषिकांनी त्याला सातवा पदार्थ मानले. शंकूच्या छायेवरून भारतीय ज्योतिषी दिशा व वेळ ठरवीत. मोजता येणारा अभाव नाकारणे सोपे नाही.