रबराच्या चिकाचा भाव कसा ठरतो?

आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराच्या बागा आहेत. पहाटे झाडाच्या सालीला चीर दिली की वाटीत दुधासारखा पांढरा चीक ठिबकतो. हा चीक विकताना काय पाहायचे, ते आज समजून घेऊ.

शंभर किलो चिकात रबर साधारण ३० ते ३५ किलो असते, बाकी बहुतेक पाणी. हातमोजे आणि फुगे करणाऱ्यांना मात्र सुमारे ६० टक्के रबराचा दाट चीक लागतो. डेअरीत दुधातून साय काढणारे यंत्र तुम्ही पाहिले असेल. रबराचे कण पाण्याहून हलके असतात, म्हणून कारखान्यात चीक तसाच वेगाने फिरवतात. दाट चीक एकीकडून निघतो, पातळ दुसरीकडून.

हे काम यंत्राचे. आपले काम चीक ताजा पोचवण्याचे. दुधासारखाच चीकही नासतो. जंतू वाढले की तो आंबतो आणि त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून वाट्या, बादल्या स्वच्छ ठेवा. तांब्या-पितळेचे भांडे वापरू नका, तांब्याने रबर खराब होते. चीक टिकावा म्हणून त्यात अमोनिया घालतात. त्याची वाफ डोळ्यांना, छातीला झोंबते. त्यामुळे हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. मुलांना जवळ येऊ देऊ नका. डोळ्यात उडाले तर बराच वेळ पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

आता हिशोब. दोघी जावांनी प्रत्येकी ५० किलो चीक दिला. थोरलीच्या चिकात ३६ टक्के रबर, म्हणजे १८ किलो. धाकटीच्या वाटीत पावसाचे पाणी गेले होते. तिच्यात ३० टक्के, म्हणजे १५ किलो. वजन सारखे, पण रबरात ३ किलोंचा फरक! पैसे रबराचे मिळतात, पाण्याचे नाही.

हे प्रमाण मेट्रोलॅक नावाच्या तरंगत्या नळीने अंदाजे कळते, दुधाच्या लॅक्टोमीटरसारखे. पक्के हवे तर थोडा चीक तोलून, आम्लाने गोठवून, धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा तोलतात. नमुना चीक नीट ढवळून, आपल्यासमोर घ्यायला लावा आणि आकडा गटाच्या वहीत लिहा. डेअरीत फॅटची चिठ्ठी मागतो ना? तशीच इथेही मागायची, संकोच करायचा नाही.